दोन मिलिमीटर सैल

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर हल्ली खरखर फार येते, म्हणून म्हटलं लिहावंच. तसंही फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

काम एकच आहे. माझी इलेक्ट्रिक गिटार तुझ्याकडे पाठवायचा विचार आहे. इथे पलंगाखाली धूळ खात पडण्यापेक्षा तुझ्याकडे बरी. तुझ्या लेकीला हवी असली तर तिची, नाहीतर कुणा चांगल्या माणसाला देऊन टाक. वस्तू उत्तम आहे. जुने पिकअप गंजले म्हणून मागच्या वर्षी मी दोन्ही नवीन बनवून घेतले. लेकीला सांग, पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली ती चुंबकाची पेटी. तार हलली की तिचा आवाज पकडून स्पीकरला पोचवते. अशा दोन असतात, एक मानेकडे म्हणजे लांब दांड्याजवळ, दुसरी खाली. तुला काय सांगायचं, तू दिवसभर मोटारींच्या कॉइलच गुंडाळत असतेस.

कारण म्हणशील तर विशेष काही नाही. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलंय. शनिवारी वाजवायला बसणं जमत नाही. गायला मास्तर आहे, ड्रमवर धडाम आहे, गिटारला ते दुसरा कुणीतरी बघतील.

वहिनी बरी आहे. पत्ता तोच ना, वर्कशॉपचा? म्हणजे खोकं तिथेच पाठवतो.

तुझा,
दादा

---

१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार वगैरे केला आहे असं समज, कारण मी चिडले आहे.

गणवेशांचं काम तुझ्या अंगावर दर वर्षी येतं आणि दर वर्षी तू त्याच हंगामात वाजवतोस. मशिनची सुई बोटात घुसली होती त्या शनिवारीसुद्धा पट्टी बांधून गेला होतास. वहिनीने दाराला कडी घातली तर मागच्या दाराने गेलास. तेव्हा मला गणवेश सांगू नकोस.

आणि ती खरखर. त्याच फोनवरून परवा वहिनी माझ्याशी अर्धा तास बोलली. आवाज इतका स्वच्छ की तिच्यामागे तुझं शिलाई मशिन चाललेलं मला ऐकू येत होतं. तू फोनवर आलास की खरखर येते, हे कसं काय?

खोकं पाठवलंस तर मी न उघडता परत पाठवीन. खरं काय ते लिही.

भिंगरी

---

१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरे,

लहानपणी तू घड्याळ उघडून बघायचीस, तशी आता माणसं उघडायला लागलीस. बरं, ऐक. पण वहिनीजवळ यातलं अक्षर काढू नकोस.

माझा कान चाललाय. गेले आठ-दहा महिने गिटारची पहिली तार, ती सगळ्यात पातळ, मला नीट ऐकू येत नाही. बाकीच्या पाच खणखणीत येतात. पहिलीवर बोट आलं की वाटतं, तिच्यावर कुणी रजई टाकली आहे. आवाज वाढवला तर जाड तारा अंगावर येतात आणि पातळ तिथेच. मास्तर एकदा म्हणाला, ‘वरचे सूर जरा मोकळे सोड की.’ मी हसून वेळ मारून नेली. आता काय सांगू, की मी सोडतोय पण मला ते सापडत नाहीत?

गंमत म्हणजे तीच तार बोटाने आडवी ओढली, सूर ताणला, की मात्र छान ऐकू येते. म्हणजे कानाला आता फक्त रडके सूर आवडायला लागलेत.

तुला बाबा आठवतात ना शेवटचे? आधी त्यांचे बारीक आवाज गेले. पक्षी गेले, दाराची बेल गेली. मग आपण सगळे हसलो की तेही हसायचे, एक क्षण उशिरा. कुणी काही विचारलं आणि समजलं नाही, की परत विचारायचे नाहीत. ‘असू दे’ म्हणायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला त्या ‘असू दे’ची फार भीती वाटते. शनिवारी मधेच कुणी काही बोललं आणि मी तसाच उशिरा हसलो तर? त्यापेक्षा आधीच उठलेलं बरं.

तेव्हा गिटार ठेवून घे. ती समोर दिसली की जास्त त्रास होतो.

दादा

---

२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र गिऱ्हाइकासमोर वाचलं आणि त्याच्या पंपाची मोटार बाजूला ठेवून आत जाऊन बसले. खूप वाईट वाटलं. तू एकट्याने हे इतके महिने घेऊन फिरलास याचं जास्त वाईट वाटलं. बाबांचं ‘असू दे’ माझ्याही कानात आहे.

मग परत वाचलं, आणि एक गोष्ट खटकली.

तार आडवी ओढली की सूर वर चढतो, बरोबर? तुझा कान बारीक, वरचे सूर सोडत असेल तर ओढल्यावर तार आणखी कमी ऐकू यायला हवी. तुला तर जास्त येते! दादा, कान असं उलटं वागत नाही. मला आधी वाटलं, नव्या पिकअपची गुंडाळी आतून तुटली असेल. आमच्या धंद्यात पहिला संशय तिच्यावरच. पण गुंडाळी सगळ्या तारांना एकच असते. तुटली तर सहाही मेल्या असत्या.

आता तीन कामं सांगते.

स्पीकरची वायर काढ, म्हणजे मधे पिकअप नको, गिटारचं लाकूड जबड्याला टेकव आणि पहिली तार छेड. ऐकू येते का ते लिही.

वहिनीला विचार, तिला ती तार कशी ऐकू येते.

तू कटिंगचे नमुने काढतोस तो पातळ कागद घे. मानेकडच्या पिकअपवर जे सहा लोखंडी खिळे दिसतात, प्रत्येक तारेला एक, ते एका कागदावर उतरवून घे. तारा दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद गिटारच्या एकाच कडेला लावून धर. आणि हे पिकअप बनवायला दिलेस तेव्हा माप कुणी घेतलं, कसं घेतलं, तेही लिही.

तोवर गिटार पलंगाखालून बाहेर काढ.

भिंगरी

---

४ मार्च

प्रिय भिंगरी,

पहिलं काम केलं नाही. करणारही नाही. वायर काढून, लाकूड जबड्याला टेकवून, आणि तरीही ऐकू आली नाही तर मग मी काय करू? आत्ता निदान थोडी शंका आहे. तिच्यावर माझं भागतंय.

दुसरं काम अर्थातच केलं नाही. वहिनीला कळलं की सगळ्या गल्लीला कळेल आणि उद्यापासून लोक माझ्या दुकानात येऊन ओरडून शर्टाची मापं सांगतील.

तिसरं केलं. दोन्ही कागद सोबत आहेत. रेषा खडूच्या नाहीत, पेन्सिलच्या आहेत, म्हणजे टपालात पुसायला नकोत.

मापाचं मात्र विचारायचं नव्हतंस, राग आला. पिकअप बनवणारा आपण देऊ त्या मापाचे बनवून देतो, आणि माप मी स्वतः घेतलं. आयुष्य गेलंय यात. तारा जिथे लाकडावर टेकतात ना, त्या घोडीवर टेप लावला. पहिल्या तारेपासून सहावीपर्यंत बावन्न मिलिमीटर भरलं. सगळ्यात रुंद जागा तीच, म्हणून तीच धरली. वर दोन मिलिमीटर लूज ठेवला, जसा ठेवतात. चोपन्न दिले. दोन्ही पिकअपना एकच.

पेट्या आल्या त्या जरा रुंद होत्या. मानेकडची बसेना. जाड तारेच्या बाजूला स्क्रू आडवा येत होता, म्हणून पातळ तारेच्या बाजूचं लाकूड कानशीने घासलं आणि पेटी तिकडे सरकवून बसवली. मी तरी फिटिंग कधी चुकवलं आहे का? वाट्टेल त्याला विचार.

दादा

---

९ मार्च

प्रिय दादा,

तुझे दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, आणि इतकी हसले की शेजारचा सायकलवाला विचारायला आला. मग थोडी रडले. ते त्याला दिसलं नाही.

शर्टाला लूज ठेवतात, कारण आतला माणूस श्वास घेतो, वाकतो, जेवल्यावर त्याचं पोट सुटतं. दादा, तार जेवत नाही! जगात दुसऱ्या कुणीही पिकअपच्या मापात लूज धरला नसता. फक्त तूच.

आणि माप घेतलंस कुठे? घोडीवर. तारा मानेकडे जवळजवळ असतात आणि घोडीकडे जाताना पांगतात. मानेकडच्या पेटीसाठी मानेकडेच मोजायला हवं होतं. तू कमरेचं माप घेऊन गळा कापलास. त्यावर दोन मिलिमीटर सैल. त्यावर सगळी पेटी एका बाजूला सरकवलेली. कागद सांगतोय: सहावी तार आपल्या खिळ्यावर जवळजवळ बरोबर बसलीये. पुढे प्रत्येक तार थोडी थोडी चुकत गेलीये. आणि तुझी पहिली तार दोन खिळ्यांच्या मधे, रिकाम्या जागेत आहे. तिच्याखाली तिला पकडायला कुणीच नाही. आडवी ओढलीस की ती दुसऱ्या खिळ्याजवळ जाते, म्हणून ऐकू येते. तू वाजवतोसही कायम मानेकडच्याच पिकअपवर, तुला तो मऊ आवाज आवडतो म्हणून.

आता नीट ऐक. तुझा कान कसा आहे हे मला माहीत नाही, आणि खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. पिकअप चुकीचे आहेत एवढं मात्र मी छातीठोक सांगते.

नवे मी बनवते. त्यासाठी माप परत घे. ज्या पेटीचं माप, त्या पेटीच्या वरच टेप. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत. जे भरेल ते लिही. वाढवू नकोस, हात बांधून ठेव.

आणि वहिनीला विचार. ती वर्षभर त्याच घरात आहे.

भिंगरी

---

१७ मार्च

प्रिय भिंगरी,

मानेकडे एकोणपन्नास. घोडीकडे एक्कावन्न. वाढवलं नाही. हात फार शिवशिवत होता.

एवढा मोठा शिंपी आणि मापात माती खाल्ली, हे धडामला कळू देऊ नकोस. तो मरेपर्यंत विसरू देणार नाही.

वहिनीला विचारलं. म्हणजे विचारावं लागलं नाही. तुझं पत्र मी पाकिटातच ठेवायला हवं होतं, ते शिवायच्या कापडात राहिलं. आता ती म्हणते तिलाही लिहायचंय. उरलेली जागा तिची.

दादा

भिंगरी, मी वहिनी. ह्यांना वाटतंय कान गेला. मला वर्षभर वाटत होतं ह्यांचा हात गेला! स्वयंपाकघरात मलाही ती तार दबलेलीच ऐकू यायची. मी समजले, बोटांतलं बळ कमी झालं, आणि कात्री धरणाऱ्या माणसाला हे कसं विचारायचं? म्हणून मी गपचूप डब्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवत होते, ह्यांना जोर लावायला लागू नये म्हणून. आणि हे मला म्हणायचे, हल्ली डबे चांगले मिळत नाहीत. मास्तरांनीही मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, दादांचं काही बिनसलंय का. आम्ही सगळ्यांनी मिळून ह्यांना जपलं आणि कुणी एक शब्द बोललो नाही. तू पत्र लिहिलंस म्हणून, नाहीतर आम्ही असेच बसलो असतो. लवकर पाठव.

---

२८ मार्च

प्रिय दादा, प्रिय वहिनी,

वहिनी, तुमच्या त्या ओळी मी चारदा वाचल्या. दादा, आता तरी पटलं ना? तार तिलाही दबलेलीच ऐकू येत होती. मग ती तुझ्या कानाने थोडीच दबली होती?

सोबत दोन पिकअप आहेत. तीन दिवस दुकानातले पंखे बंद ठेवून गुंडाळलेत, कारण ही गुंडाळायची तार केसाहून बारीक, नुसत्या वाऱ्याने तुटते. गिऱ्हाइकं घामाघूम होऊन शिव्या देऊन गेली. दोन्ही दिसायला सारखे आहेत, अदलाबदल करू नकोस. लाल दोरा बांधलाय तो मानेकडचा, निळा तो घोडीकडचा. तू कानशीने जी जागा वाढवलीस तिथे लाकडाची पट्टी घालून भर आणि पेटी मधोमध आण. प्रत्येक तार आपल्या खिळ्याच्या डोक्यावरून गेली पाहिजे. वाकून बघ, चष्मा लाव.

बसवलेस की लगेच कळव. मी वाट बघते.

भिंगरी

---

२१ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझी तीन पत्रं येऊन पडली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील. पार्सल मिळालं त्याच दिवशी पिकअप बसवले, पण आठ दिवस वायर जोडली नाही. तारा लावल्या, सूर लावले, पुसून ठेवली, आणि जोडली नाही. शेवटी वहिनीने जोडली आणि म्हणाली, ‘मी आत जाऊ की इथे बसू?’ मी म्हटलं बस.

आली, भिंगरे. पहिली तार आली. रजई उचलली. मी एकच सूर कितीतरी वेळ वाजवत बसलो. वहिनी म्हणाली, आता पुढचा वाजवा, शेजारी काय म्हणतील.

त्या बळावर कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बंद खोलीत बसवून एकेका कानात बारीक आवाज सोडतात. उजवा कान चांगला निघाला. डावा मात्र उतरलाय. फार नाही, पण उतरलाय. मग मला फोनची खरखर समजली. उजव्या हातात कात्री असते, म्हणून फोन मी आयुष्यभर डाव्या कानाला लावत आलो.

शनिवारी वाजवायला गेलो होतो. धडामला सगळं कळलंय, वहिनीनेच सांगितलं. आता तो मला ‘लूज दादा’ म्हणतो.

तरी एक धाकधूक राहिलीच. गिटार मोठ्याने वाजते, डॉक्टरीणबाई समोर बसून बोलतात. माणसाचा आवाज लांबून ऐकला नाही, त्याला किती महिने झाले. येत्या रविवारी सकाळी मी तुला फोन करीन, उजव्या कानाने. वहिनी तिच्या बहिणीकडे गेलेली असेल. फसलं तर कुणी बघायला नको. तू नेहमीसारखी बोल, मुद्दाम ओरडू नकोस. नाहीच ऐकू आलं तर ठेवून देईन आणि आपण पत्रंच लिहीत राहू. तीही वाईट नाहीत.

तुझा,
दादा

---

२७ एप्रिल, रविवार

दादा,

तू फोन ठेवलास त्याला अजून पाच मिनिटंही झाली नाहीत. मी सारखी लावतेय, रिंग जातेय आणि तू उचलत नाहीस. वहिनी घरी नाही. म्हणून एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने हे लिहितेय, म्हणजे नाहीच उचललास तर हे तरी पोचेल.

तुझा फोन आला तेव्हा मी काउंटरवरच बसले होते, सकाळपासून. तू काही न बोलता फोन स्पीकरसमोर धरलास आणि पहिली तार वाजवलीस. मी गुंडाळलेल्या पिकअपवरची, एकोणपन्नास मिलिमीटरच्या. इतकी स्वच्छ आली! मग तू म्हणालास, ‘भिंगरे, पोचली का?’

मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. मी नुसती मान हलवत होते, वेड्यासारखी, फोनवर. तू परत विचारलंस, पोचली का. तिसऱ्यांदा विचारलंस. मग म्हणालास, ‘असू दे.’ आणि ठेवलास.

नाही, दादा. असू दे नाही. तुला ऐकू आलं नाही, कारण मी बोललेच नव्हते. तुझ्या उजव्या कानाने अगदी बरोबर ऐकलं. इकडे कुणी बोलतच नव्हतं.

आता बोलते. रिंग अजून जातेय.

खिडकीपासून ऊठ आणि फोन उचल.

भिंगरी